जपानची चिठ्ठी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. दिसला असता तर विषय बदलून मी तुम्हाला चहा विचारला असता. तसं मी आजवर पुष्कळदा केलं आहे.

मी भित्री बाई आहे. शाळेच्या फाटकाशी सरकारी जीप थांबली की मी आधी हजेरीपट चाळायला घ्यायचे. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात मी सातवीला इंग्रजी शिकवायचे. डोणगावहून रोज ऑटोने जायचे. पोरगा लहान होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि बदली झाली तर थेट जळगाव जामोदकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. ही भीती सतत मानेवर बसलेली असायची. पण थांबा — ही सबब म्हणून सांगत नाही. सबबी मला फार चांगल्या जमतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. देशांचं आणि तिथल्या लोकांचं वर्णन करायचे इंग्रजी शब्द आमच्या धड्यात होते. प्रॉस्परस, डेन्सली पॉप्युलेटेड, लँडलॉक्ड, लिटरेट, हार्डवर्किंग — फळा भरून गेला होता. मला एक कल्पना सुचली. प्रत्येक मूल एकेक देश होईल, गळ्यात पाटी अडकवून पुढे येईल आणि ‘माझे लोक असे आहेत’ म्हणून इंग्रजीत सांगेल. कोण कुठला देश, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. डब्यातून चिठ्ठी उचलायची, दप्तरात ठेवायची आणि घरी जाऊन आईबापासमोर उघडायची. पोरं काय खूश झाली होती! मीसुद्धा.

जपान निघाला प्रज्ञाला. बुद्धविहारामागच्या वस्तीतली ही मुलगी, आई मजुरीला जायची. दोन दिवसांत तिने पंधरा वाक्यं पाठ केली. ‘माय पीपल आर हार्डवर्किंग’ म्हणताना ती मान अशी ताठ करायची, की जणू सगळं जपान तिच्याच वस्तीत राहतं. आणि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या ऋतुजाला निघाला आफ्रिकेतला चाड. मला तो देश नकाशावर बोट फिरवून शोधावा लागला होता. त्याची वाक्यं मीच लिहून दिली होती — मी कोरडा आहे, माझे पुष्कळ लोक गरीब आहेत, पुष्कळांना वाचता येत नाही.

अध्यक्ष शाळेत आले. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मॅडम, साहेबायसमोर माही पोरगी म्हणंन का, आमच्या लोकायले वाचता येत नाही म्हणून? काऊन बरं? जपान कोनाले देल्ला तुम्ही?”

मी नाव सांगितलं. ते नुसते हसले.

आता मला फिरवून फिरवून सांगावंसं वाटतंय. चाडची वाक्यं बदलता आली असती — तो देश काय नुसता गरीबच आहे? चांगले शब्द फळ्यावर होतेच की. तेव्हा हे सुचलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण सुचलं होतं. अध्यक्षांना मात्र जपान हवा होता. आणि ‘मॅडमनी दबावाखाली चिठ्ठी काढून घेतली’ असं कुणी म्हणू नये, याचीही मला भीती होती.

मी वर्गात गेले आणि म्हणाले, चिठ्ठ्या बदलल्या गेल्यात. जपान ऋतुजाच्या दप्तरात होता. चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वर्ग झाडायला एकटी कोण थांबली होती?

सगळ्यांनी प्रज्ञाकडे माना वळवल्या. वर्ग झाडायची पाळी मीच लावली होती.

मी तिच्याकडेच बोट का दाखवलं? लोक लगेच विश्वास ठेवतील हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून. दुसऱ्या कुणाच्या लेकीवर आळ घेतला असता, तर तिचं घर भांडायला आलं असतं. हे मी तिथे उभ्या उभ्या, हातात खडू धरून, मोजून घेतलं होतं. भित्र्या माणसाला हा हिशेब फार पटकन जमतो.

“म्या नाही बदलली, मॅडम,” ती म्हणाली. एकदाच.

दुसऱ्या दिवशी तिची आई कामाचा खाडा करून आली. “खरं सांगा मॅडम, माह्या पोरीनं केलं हे?” तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी हो म्हणाले. तिने तिथेच पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि तिला माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

साहेब आले त्या दिवशी प्रज्ञाने चाडची वाक्यं म्हटली. एकही चूक नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही, आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटलं.

माझी बदली झाली नाही.

गेल्या महिन्यात मेहकरच्या स्टँडवर मी बसची वाट पाहत होते. समोरून एक बाई थेट माझ्याकडे येताना दिसली. चालण्यावरून ओळखलं — प्रज्ञा. आता ही चारचौघांत विचारणार. पळावं तर कुठे पळावं? मी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधत राहिले.

तिने वाकून नमस्कार केला. ती आता शिक्षिका आहे, इंग्रजीच शिकवते. मग थोडं घुटमळून, आवाज खाली घेऊन म्हणाली, “मॅडम, एक बोलायचं राह्यलं होतं. ते जपानची चिठ्ठी... लहान होती मी. काऊन बदलली, मले आता आठवतही नाही. माफ करजा. मी माह्या वर्गात पोरायले सांगतो, मी एकदा असं केलं होतं, तरी मॅडमनं मले सांभाळून घेतलं.”

किती वेळा, कुणाकुणाकडून ऐकलं असेल तिने, की शेवटी तिलाच ते खरं वाटायला लागलं?

बस यायला अजून वेळ होता. जवळ कुणी ऐकणारं नव्हतं. अध्यक्ष वारले, मी निवृत्त झाले, घाबरावं असं काहीच उरलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “जाऊ दे गं. लहान होतीस.”

तिचे डोळे भरून आले. तिने पुन्हा नमस्कार केला आणि ती गेली. आणि मला हायसं वाटलं.