गुणाजीचं खोबरेल आणि वकीलसाहेबांच्या काचा

गुणाजी परबाला स्वस्थ बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्याने मला कळवावं. लालबागच्या चाळीत आम्ही शेजारी. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असे. परळच्या एका गॅरेजात तो मिस्त्री होता. ‘माझा हात लागलेली गाडी परत येत नाही’ हे मी चिपळूणहून आलो त्याच दिवशी त्याने मला ऐकवलं होतं.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत एक गाडी परत आली. तीनदा.

गिरगावातले वकील मनमोहन धैर्यवान यांची ती जुनी अमेरिकन गाडी. बटण दाबलं की दाराच्या पोटातली मोटर काच वर चढवी. पण हल्ली सकाळी कोर्टात जाताना काच अशी रेंगाळे, की साहेबांच्या मांडीवरच्या कागदांवर धुळीचा थर बसे. दुपारी गॅरेजात आणली की मात्र झरकन वर! गुणाजीने मोटर उघडली, तारा बदलल्या, बॅटरी तपासली. दोष सापडेना, तेव्हा तो ड्रायव्हरवर ढकलला.

“साहेब, भिवा बटण नीट दाबत नाही. हात जड आहे त्याचा.”

“मग सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर बघतो,” साहेब म्हणाले.

भिवा गुणाजीच्याच गावचा, घरी पाच तोंडं खाणारी. शनिवारी तो चाळीत येऊन दारातच उभा राहिला. “मेल्या, वीस वरसां गाडी चालवतंय मी. आता तू माका बटण दाबूक शिकवतलंस?”

त्या संध्याकाळी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. एरवी घोषणा देऊन घसा बसवून येणारा गुणाजी गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिला.

रविवारी सकाळी त्याने डोक्याला लावायला तेलाची बाटली तळहातावर उपडी केली. थेंब पडेना.

“गोठलां ता,” कौसल्यावहिनी आतून म्हणाल्या. “थंडी पडली ना! उनात ठेवा जरा.”

गुणाजीचा गुडघा थांबला. मी घाबरलोच.

दिवाळीत काच कुरकुरते म्हणून या गृहस्थाने चारही दारांच्या खाचांत गावाहून आलेलं खोबरेल चोपडलं होतं. केसांना, भाजल्या बोटाला, कपाटाच्या बिजागरीला जे चालतं, ते अमेरिकेला का चालू नये?

“चल रे,” तो मला म्हणाला आणि सदऱ्याची बटणं जिन्यात लावली.

वकीलसाहेब चहा घेत होते. भिवा खाली गाडी पुसत होता, बहुधा शेवटच्यांदा.

“खाचांत तेल मी घातलं होतं, साहेब. थंडीत गोठतं. भिवाचा काही दोष नाही.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “आणि मी त्याला जे बोललो ते?”

“ते मला बोला.”

“बोलेन. आधी काच.”

गुणाजीने एका दाराच्या खाचेतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी उपसली, पेट्रोलने धुतली, वाळवली, शंखजिऱ्याची पूड चोळून परत बसवली. मग साहेबांनी भिवालाच बटण दाबायला सांगितलं. त्याने करंगळीने दाबलं. काच सर्रकन वर गेली.

“उद्या साडेनवाला गाडी काढ, भिवा,” म्हणून साहेब गुणाजीकडे न बघता आत गेले.

“अजून तीन दरवाजे आसत,” गुणाजी पुटपुटला. “जरा पेट्रोल आण रे.”

“तूच जा,” भिवा म्हणाला आणि मागच्या सीटवर साहेबांसारखा टेकून बसला.

गुणाजी डबा घेऊन निमूट निघाला.