शिलाई मशीनच्या चालीवर

कांदिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुक्मिणी पेडणेकरांनी पस्तीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवले. सहासष्टाव्या वर्षी त्यांना पार्किन्सन झाला. हात थरथरायचे ते एक वेळ चाललं असतं, पण पाय अडायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या की तळवे फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे.

"टाक गो पाऊल," त्यांचे यजमान गुणाजी म्हणायचे.

"टाकतेच आहे," त्या म्हणायच्या, आणि पाऊल हलायचं नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या दिशाने ठेक्यावर चालायला सांगितलं आणि मोबाइलवर टकटक लावून दिली. रुक्मिणींना ती सोसेना. "कुणीतरी दार वाजवतंय आणि मला उठता येत नाही, असं वाटतं."

एका दुपारी उशीचा अभ्रा उसवला म्हणून त्या मशीनवर बसल्या. टाके वाकडे पडत होते, पण पाय मात्र न अडता चालले होते. गुणाजी पेपर ठेवून बघत राहिले. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस. कुठे अडतंय हे त्यांना आवाजावरून कळायचं. त्यांनी तो खडखडाट मोबाइलवर टिपला. संध्याकाळी तो लावून बायकोचा हात धरला, आणि दोघं उंबरा ओलांडून मोरीपर्यंत गेली.

दिशा खूश झाली. "पण काका, सकाळी गोळीच्या आधी काकू हळू चालतात. तेव्हा आवाजही हळू हवा. शिवाय हातांच्या व्यायामाचा वेग वेगळा. एक बदलला की दुसरा बिघडायला नको."

हातांसाठी रुक्मिणींनीच कात्रीचा आवाज सुचवला. पण मोबाइलवरच्या बारीक खुणा त्यांच्या बोटांना सापडेनात, भलतंच काही उघडायचं. गुणाजी लावून द्यायला तयार होते. रुक्मिणी हट्टाला पेटल्या की मालवणीवर यायच्या. "माजा माका लावूक येवक व्हया," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःच्याच हाताने लावायचा होता.

मग दोघं रिक्षा करून अंधेरीच्या वाद्यांच्या दुकानात गेली. टिपलेले आवाज बटणांवर भरून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र मिळतं, सॅम्पलर म्हणतात त्याला, एवढं दिशाने सांगितलं होतं.

"काका, बँड आहे का तुमचा?" दुकानातल्या केयूरने विचारलं.

"आहे ना. दोघांचा."

केयूरने दोन्ही आवाज पहिल्या यंत्रात भरले. वेग कमी केला तशी शिलाई मशीन घोगरी झाली.

"ही माझी नाही," रुक्मिणी म्हणाल्या. "हिला सर्दी झालीय."

दुसऱ्यात आवाज स्वच्छ राहिला, पण कात्री हळू केली की मशीनही हळू व्हायची. "गाण्यात सगळं एका तालात लागतं ना," केयूर म्हणाला.

"आमचं एका तालात नाही रे बाबा," गुणाजी म्हणाले.

तेव्हा त्याने वरच्या फळीवरून एक जुनं मॉडेल काढलं. रबराची मोठी चार बटणं, प्रत्येकाचा वेग स्वतंत्र, आणि हळू केला तरी आवाज घोगरा होत नव्हता. रुक्मिणींनी बटण दाबलं. बोट थरथरून दोनदा पडलं. आवाज सुरू झाला आणि लगेच बंद. पुन्हा तेच. त्यांनी हात पदराखाली घेतला.

केयूरने यंत्र स्वतःकडे वळवलं आणि बराच वेळ त्याच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. "आता बघा काकू. दाबलं की नुसतं सुरू होईल. बंद करायला हे वेगळं बटण."

"थरथरलं तरी?"

"थरथरलं तरी."

त्यांनी हात बाहेर काढला. मशीन चालू लागली, चालतच राहिली. मुद्दाम पाच-सहा वेळा दाबून बघितलं आणि दुकानात मोठ्याने हसल्या. तेच यंत्र घरी आलं.

याला आठ महिने झाले. आजार हटलेला नाही. पण रुक्मिणी सकाळी उठून स्वतः मशीनचा वेग ठरवतात आणि गॅलरीच्या टोकापर्यंत जातात. कधी वेग जास्त ठेवतात, मग गुणाजींचे गुडघे मागे राहतात. एखाद्या सकाळी कुठल्याच आवाजाला पाय दाद देत नाहीत. त्या दिवशी त्या पलंगावर बसून कात्री लावतात, मुठी उघडतात, मिटतात. गुणाजी शेजारी बसून त्यांच्यासोबत मुठी उघडतात, मिटतात.