खबर देणाऱ्याचं नाव

त्या प्रकरणात पहिली चूक माझी होती. गुन्हा घडण्याच्या कितीतरी आधी तिच्यावर माझी सही झाली होती.

गुप्त माहिती एकमेकांना वेळेवर कळावी म्हणून धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचा मिळून एक माहिती कक्ष धुळ्यात चालायचा. खबर तिथे यायची आणि तिथून दोन्हीकडच्या ठाण्यांना जायची. कक्षात नेमकी किती माणसं लागतात याची पाहणी करून अहवाल देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा उपअधीक्षक होतो.

कक्षात बसून मी कामकाज पाहिलं. एक जमादार फोनवर खबर घेऊन संगणकावर टाकायचा. शेजारच्या टेबलावरच्या हवालदार बाई तीच खबर पुन्हा वाचायच्या, खबर देणाऱ्याचं नाव, गाव, धंदा काढून टाकायच्या आणि मगच ती पुढे सोडायच्या.

"एकच मजकूर दोघं वाचताय? हा कक्ष आहे की वाचनालय?" मी म्हणालो.

जमादार हसला. बाई हसल्या नाहीत. "साहेब, फोन घेणाऱ्याचं लक्ष खबरेवर असतं. घाईत नाव राहून जातं. आमच्या हातून राहिलंय, म्हणून सांगते."

"मग घाई करू नका," मी म्हणालो.

अहवालात मी त्यांचं काम दुबार ठरवलं. बाईंना बंदोबस्ताच्या ड्युटीला पाठवलं गेलं. माणसं वाचवली म्हणून बैठकीत माझं कौतुक झालं, आणि मला ते आवडलं.

पुढे सोनगीरजवळ महामार्गावर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एकाने कक्षात फोन केला. खाणीतून चोरलेल्या स्फोटक जिलेटिनच्या कांड्या केळीच्या घडांखाली लपवून एक टेम्पो जळगावकडे निघाला होता. चाक बदलताना त्याने खोके पाहिले होते. जमादार एकटाच होता, दुसरा फोन वाजत होता. त्याने खबर आली तशीच सगळ्या ठाण्यांना पाठवली.

नाकाबंदीत टेम्पो सापडला, चालक हाती लागला. पण चोरीचा निम्मा माल आणि टेम्पोचा मालक गायब होते. त्या कांड्या फुटल्या तर, या विचाराने जळगावच्या बाजारातली गर्दी माझ्या डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार फोन हातात धरून माझ्याकडे धावत आला. पलीकडे तो पंक्चरवाला होता.

"साहेब, मन्हं नाव त्यासले कोनी सांगं? बाहेर गाडी उभी शे. घरमा बायको-पोरे शेतस..."

फोन तुटला, तो पुन्हा लागलाच नाही.

आम्ही सोनगीरला पोहोचलो तेव्हा दुकान उघडं होतं. हवा भरायचं मशीन धडधडत होतं. पाण्याच्या टपात ट्यूब तशीच पडली होती. माणूस नव्हता. मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

"वहिनी, पोलीस आहोत. दार उघडा."

"पोलीस? मंग तर नहीच उघाडस!" आतून बाई ओरडली. "तुमलेच तर सांगं व्हतं त्यानी!"

मी परत येऊन चालकासमोर बसलो.

"पंक्चरवाल्याचं नाव तुम्हाला कुणी दिलं?"

"पोलिसांनी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "खरंच, साहेब. आमचा मालक अपघाताच्या कागदांसाठी ठाण्यात बसला होता. तुमच्या अंमलदाराच्या मोबाईलवर खबर आली. त्याने ती शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवली. नाव, दुकान, सगळं. मालकाने बाहेर पडून मला फोन केला, पण मी नाक्यावर अडकलो होतो."

आरोपी मला माझाच गुन्हा समजावून सांगत होता.

"तो माणूस मेला, तर कटात तूही येशील," मी म्हणालो. आवाज कापत होता. त्याला तो राग वाटला असावा.

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "दोंडाईचा. स्टेशनमागे कापसाचं जुनं गोदाम आहे."

आम्ही लगेच तिथे पोहोचलो. पंक्चरवाला जिवंत सापडला. त्याचा उजवा हात मनगटापासून चिरडला होता. उरलेल्या कांड्या तिथेच होत्या, मालकही. जळगाव वाचलं. वर्तमानपत्रांत माझा फोटो आला.

मी फक्त आलेल्या खबरा मोजल्या होत्या. बाईंमुळे जी नावं कधी बाहेर पडली नाहीत, ती कुठल्याच रकान्यात नव्हती. असं काम रिकामं दिसतं. माणूस कमी करण्याआधी, तो नसेल तर कुणाचा जीव उघड्यावर येईल, हे विचारायला हवं होतं. बाईंना मी परत आणलं, अहवालही बदलून घेतला. तरी दार वाजलं की मी दचकायचो. मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मग एकदा जळगावला गेलो. पंक्चरवाला आता तिथे एका पाइपच्या गोदामावर पहारा करतो. मला पाहताच तो खुर्चीवरून उठला आणि बायकोला हाक मारली.

"अवं, चहा ठेव! हाई साहेब शे ना, यास्नीच माले वाचाडं!"

ती पदर सावरत बाहेर आली आणि मला हात जोडले. तिचे जोडलेले हात मला बघवेनात.

"नाही, भाऊ," मी म्हणालो. "तुमचं नाव झाकणारं माणूस आमच्या कक्षातून मीच काढलं होतं. तुमचा हात माझ्यामुळे गेला. मला माफ करा."