ओरुमच्या पायाशी ठेवलेला गज

फोन सुधीरच्या वडिलांचा, अप्पांचाच होता. "सुधीर गेला. ये," एवढंच म्हणाले. मी धारवाडहून निघालो. रायापूर मागे पडलं, बस हुबळीच्या गर्दीत शिरली, तरी मला रडू येईना. रागच येत होता. हृदयाची झडप बदलून इतकी वर्षं निभावलेला माणूस गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता असा जातोच कसा? आता महिना उलटलाय. राग गेलेला नाही, पण लिहायला बसलोय.

आमची मैत्री विद्यानगरच्या कॉलेजातली. त्याचं घर दाजीबानपेठेत. खाली कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. नव्वदच्या दशकात पेठेत केबल आली आणि सुधीरला दूरच्या ग्रहांवरच्या लढायांची एक इंग्रजी मालिका सापडली. अंतराळयानं, किरणांच्या बंदुका, सगळा मसाला होता. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मला त्यातल्या चुका दिसायच्या. याला देव दिसला. तिथल्या सैनिकांचा ओरुम नावाचा युद्धदेव होता. तो वर देत नसे की विजय देत नसे. लढाईला निघताना सैनिकानं शस्त्र त्याच्या पायाशी ठेवायचं आणि आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्यानं सांगायचं. खरं बोलून झाल्याशिवाय शस्त्र उचलायचं नाही. "शूर माणसाला देव कशाला पायजे रे? भित्र्यालाच पायजे," असं सुधीर म्हणायचा. मी त्याची यथेच्छ टिंगल करत असे.

त्यानं शाडूचा वीतभर ओरुम केला, बुटाच्या पॉलिशनं काळा रंगवला आणि दुकानातल्या फळीवर ठेवला. खंडेनवमीला त्याच्या आईनं, काकूंनी, कात्र्या, कापड मोजायचा लोखंडी गज, सगळं धुऊन मांडलं आणि हळदकुंकू वाहता वाहता त्या काळ्या मूर्तीलाही वाहिलं. त्यांना वाटलं, कुठल्या तरी कन्नड गावचा वीर असेल. मूर्ती टीव्हीतली आहे हे कळल्यावर अप्पा भडकले. "हे कुठलं भूत आणलास रे घरात? फेक जा!" पण काकू आडव्या आल्या. "कुंकू लागलं न्हवे? आता तो घरचा देव. पूजलेला देव टाकत न्हाईत." अप्पांना कुळाचार मोडवेना. ओरुम फळीवरच राहिला.

पुढच्या वर्षी सुधीरला जिना चढताना धाप लागू लागली. लहानपणच्या तापानं झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनला उशीर करू नका. अप्पा कुलदैवताला कौल लावायला गेले. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. डावी पडली. परत येऊन अप्पा गादीवर बसले आणि म्हणाले, "देव नको म्हणतोय. विषय संपला." सुधीरचे ओठ निळे पडायला लागले होते. एका कळीपायी पोरगा जाणार म्हणून मी अप्पांशी कचाकचा भांडलो. ते कापडाच्या घड्या घालत राहिले.

मग एके दिवशी भर दुपारी सुधीर भिंतीला धरधरून जिना उतरला. अप्पा गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते, मी बाजूलाच बसलो होतो. यानं त्यांच्या हातातला गज काढून घेतला आणि फळीवर ओरुमच्या पायाशी ठेवला. धाप इतकी, की खालीच बसला.

"अप्पा, कौल लावताना देवाला तुमची भीती सांगितलासा काय?"

"सुम्मने, गप बस!" अप्पा ओरडले. गिऱ्हाईक घाबरून पायरी उतरलं. काकू जिन्यात उभ्या होत्या.

"मग माझी सांगतो," सुधीर म्हणाला. "ऑपरेशनात मरायची भीती न्हाई मला. हितं, तुमच्या डोळ्यांदेखत... हळूहळू मरायची हाय."

मला वाटलं, आता अप्पा ती मूर्ती भिंतीवर आपटतात. ते उठून फळीपाशी गेले. गजाकडे बघत, ओरुमला की आम्हाला कुणास ठाऊक, कसल्याशा भलत्याच बारीक आवाजात म्हणाले, "ऑपरेशनच्या कागदावर सही मी करायची. आणि हा तिथंच टेबलावर गेला तर... त्याच हातानं मी कापड कसं मोजू?"

"त्ये बोला की मग," काकू रडत म्हणाल्या. "देवाला तुमची भीती दिसली असंल. पोराला नको म्हणाला न्हाई तो."

अप्पांनी गज उचलला, जागेवर ठेवला आणि चपला शोधायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर अप्पा सही केलेला हात मांडीखाली दाबून बसले होते. सुधीर वाचला. धातूची झडप त्याच्या छातीत टिकटिक करायची. दुकानात गर्दी नसली की आम्हालाही ऐकू यायची. तो गादीवर बसू लागला, अप्पांशी कापडाच्या रंगांवरून भांडू लागला. ती सगळी वर्षं अप्पांच्या त्या एका सहीनं मिळाली, आणि मला ती अजिबात पुरली नाहीत.

परवा दुकानात गेलो. कोपरे झिजलेला ओरुम फळीवर होता. त्याच्या पायाशी गज आडवा ठेवलेला, त्यावर धूळ. अप्पा एका बाईंना नाकापासून बोटापर्यंत ताणून, हातानंच कापड मोजून देत होते. टोक निसटत होतं. मला राहवेना. मी गज उचलायला गेलो.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "अजून बोलून झालं न्हाई माझं."

मी हात मागे घेतला आणि कापडाचं निसटलेलं टोक धरलं.