अडकलेला गिअर

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी नुकसानीच्या सरकारी पाहणीसाठी मी आमच्या साहेबांसोबत राळेगावकडे निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो आणि त्यांच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमधून हलेना. समोरच्या दुकानातून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. हात पायजम्याला दोनदा पुसून मगच त्यानं गाडीला हात लावला.

“ब्रेक दाबा,” म्हणत तो मागं गेला. “लाल दिवे लागून नाही राह्यले, साहेब. तुम्ही ब्रेक दाबता, पण गाडीले ते समजूनच नाही राह्यलं. मंग ते गिअर कशी सोडीन?”

गिअरजवळचं छोटं झाकण त्यानं पेचकसानं उचकटलं, आतला खटका दाबला आणि दांडा सुटला.

“ब्रेकचा स्विच तेवढा बदलून घ्या,” तो म्हणाला.

साहेब खूश झाले. “आम्ही बोंडअळीच्या पाहणीला निघालोय. तुमच्यासाठी काय करू, सांगा.”

“दुकानामागं माहा तीन एकर कापूस हाय. तेवढा पाहून घ्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहणीच्या शेतांची यादी चाळली आणि म्हणालो, “यादीत नाही.”

“यादीत नसन,” मिस्त्री शांतपणे म्हणाला, “पण दुकानामागं हाय.”

“येताना नक्की पाहू,” साहेब म्हणाले.

येताना आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलो. तो रस्ता मीच सुचवला होता.