यामिनीचा पहिला प्रश्न

"सुईण? आणि त्यात डॉक्टरेट?" मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका बाईंनी यामिनीला हे विचारलं आणि माझा पारा चढला. म्हटलं, "का हो? तुमचे मिस्टर गाडीच्या वायपरवर पीएचडी करतात, ते चालतं का?" यामिनीने मला कोपराने ढोसलं. तिला असल्या बोलण्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

मी नीला. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये तिच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते. आमच्या दोघींच्या गॅरेजमधलं बर्फ काढायचं फावडं एकच आहे, यावरून काय ते समजा. यामिनीने नर्सिंग केलं नागपूरला. लग्न होऊन इथे आली, सगळ्या परीक्षा पहिल्यापासून परत दिल्या, हॉस्पिटलमध्ये मिडवाइफ झाली. शेकडो बाळं तिच्या हातावर जन्मली असतील. आणि चाळिशी उलटल्यावर बाईसाहेबांनी डॉक्टरेटला नाव घातलं. मी विचारलं, "कशाला गं हा उपद्व्याप?" तर म्हणाली, "आपल्या बायका घरी गेल्यावर बोलत नाहीत गं."

तिच्या डॉक्टरेटमध्ये जाडजूड प्रबंध नसतो. आपल्याच कामातली एक खोट धरायची आणि ती दुरुस्त करून दाखवायची. यामिनीने धरलेली खोट अशी, की बाळंतीण घरी गेली की तपासणीपर्यंत मधे बरेच दिवस जातात. त्या दिवसांत ब्लडप्रेशर अचानक चढू शकतं. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि आपल्या बायका म्हणतात, होतं असं. म्हणून पहिल्या काही दिवसांत प्रत्येकीला तिच्या भाषेत फोन करायचा, आणि तिच्याशीच बोलायचं. नवऱ्याशी नाही, सासूशी नाही.

मराठी प्रश्न आम्ही दोघींनी माझ्या किचनमध्ये बसून तयार केले. पहिला प्रश्न होता, "कशी आहेस?" तिने तो माझ्यावरच करून पाहिला. मी चहा गाळता गाळता म्हटलं, "ठीक." यामिनीने पेन खाली ठेवलं. "नीला, सकाळपासून तुला ताप आहे. आत्ता क्रोसिन घेतलीस माझ्यासमोर." आम्ही खूप हसलो.

प्रश्न तयार झाले, पण हॉस्पिटलच्या कमिटीची परवानगी येईना. हे बदला, ते बदला, म्हणून तीनदा अर्ज परत आला. त्यात फेब्रुवारीत यामिनीची धाकटी जाऊ राधिका बाळंत झाली. मुलगी. सगळं नीट पार पडलं. राधिकाच्या आईला व्हिसाच मिळाला नव्हता, म्हणून सासूबाई, सुलभाकाकू, पुण्याहून आल्या होत्या. बाई मायेची. पहाटे उठून अळिवाची खीर, बाळंतिणीचं डोकं-कान गरम रुमालाने घट्ट बांधून देणं, बाळाला शेक, सगळं एकटी करायची. आणि म्हणूनच राधिका काही बोलायची नाही. आई असती तर तिच्या मांडीवर डोकं टाकून रडली असती. सासू इतकी राबतेय म्हटल्यावर आणखी कसला त्रास सांगणार?

बारशाला आम्ही मोजकीच माणसं होतो. खरी आत्या भारतात, म्हणून आत्या मला केलं. बाळाचं नाव राधिकाने आधीच ठरवून ठेवलं होतं, अदिती. मी नवं कोरं झबलं घेऊन मिरवत होते. पण यामिनीचं लक्ष पाळण्याकडे नव्हतंच. राधिकाने दोनदा खिडकीचे पडदे ओढून घ्यायला सांगितलं होतं. बाहेर बर्फावर ऊन होतं खरं, पण इतकं?

यामिनी तिच्याजवळ जाऊन बसली. "राधिका, डोकं दुखतंय का?"

"जागरण गं," सुलभाकाकू म्हणाल्या. "कार्टी झोपू देते का तिला!"

"शी इज ओके, वहिनी, जस्ट टायर्ड," शंतनू म्हणाला. तो राधिकाचा नवरा, यामिनीचा दीर.

यामिनीने कुणाकडे पाहिलं नाही. "मी तिला विचारतेय. राधिका?"

रुमालात बांधलेलं तोंड हसलं. "ठीक आहे, वहिनी."

यामिनी तडक गाडीतून ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन आली. तर सुलभाकाकू म्हणाल्या, "अगं, मुलगी रडायला लागलीय, आधी पाळणा म्हणू दे, मग कर तुझा अभ्यास." सगळे हसले. राधिकापण हसली, म्हणाली, "वहिनी, मला प्रोजेक्टमध्ये घेऊ नका हं." पाळणा झाला, मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. तोवर राधिका आत जाऊन झोपलीसुद्धा. चार रात्रींनी मिळालेली झोप, उठवायचं कुणी? आणि यामिनीला ड्यूटीवर जायचं होतं, दोन बायका कळा देत होत्या तिकडे. तिने यंत्र शंतनूच्या हातात दिलं. "उठली की लगेच घे. वरचा आकडा एकशे चाळीसच्या वर गेला तर मला फोन कर. एकशे साठ दिसला तर सरळ ९११, अँब्युलन्स." दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून. मी ऐकलंय.

राधिका संध्याकाळी उठली. शंतनूने लगेच घेतलं. आकडा आला एकशे ब्याऐंशी.

आता शंतनूचं काम काय, तर गाडीचे सेन्सर तपासायचे. दिवसभर तो हेच करतो. भलताच आकडा आला की आधी सेन्सरवर संशय घ्यायचा. त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे अठरा. मग परत राधिकाला, तर एकशे अठ्ठ्याऐंशी. राधिकाला विचारलं, "तुला काही होतंय का?" ती म्हणाली, "नाही रे, ठीक आहे." मग काय, यंत्रच बिघडलं असणार. तो ड्रॉवरमध्ये नव्या बॅटऱ्या शोधायला गेला. बॅटऱ्या घालून परत आला तेव्हा राधिका पलंगाच्या कडेला पडलेली होती आणि तिचा उजवा हात झटके देत होता.

त्याने ९११ला फोन केला. मग यामिनीला केला, पुन्हा पुन्हा केला. यामिनीचा फोन लॉकरमध्ये होता. त्या वेळी तिच्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी बाळ येत होतं.

मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव. मी आयसीयूच्या बाहेर पोचले ती शंतनूला फाडून खायच्या तयारीनेच. तर तो कोपऱ्यात ते यंत्र मांडीवर घेऊन बसला होता. सुलभाकाकू हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. यामिनी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "माझ्यासमोर होती गं. एका हाताच्या अंतरावर." ती ओक्साबोक्शी रडली आणि मी नुसती तिची पाठ चोळत राहिले. दुसरं काय करता येत होतं?

राधिका वाचली. कमिटीची परवानगी त्याच आठवड्यात आली, कप्पाळ माझं! यामिनी म्हणाली, आता मला ती डॉक्टरेट नको. मी भांडले तिच्याशी. ताडताड बोलले. शेवटी तिने काम सुरू केलं. माझ्याच किचनमधून फोन करते. "कशी आहेस" हा पहिला प्रश्न तिने काढून टाकलाय. आता सुरुवातीलाच सांगते, "खोलीत कोण आहे? त्यांना बाहेर जाऊ दे, मी थांबते." मग विचारते, "सगळ्यात जास्त कुठे दुखतंय?" दोन बाळंतिणींना वेळेवर हॉस्पिटलात पाठवलं तिने. डॉक्टरेटच्या तिच्या गाइड मॅडम खूश आहेत. यामिनी मात्र फोन ठेवला की माझ्या सिंकमधली भांडी घासत बसते, स्वच्छ असली तरी.

राधिका आता काठी घेऊन चालते. पण बोलणं गेलं. मेंदूला असं झालं की कधी कधी तोंडात बसलेला एखादाच शब्द उरतो म्हणे. तिच्या तोंडी एकच उरलाय. शंतनू मुलीला समोर धरतो, "हिचं नाव काय गं? तूच ठेवलंस ना?" राधिका सगळा जीव ओठांत आणते, मान ताठ होते, डोळे भरतात. आणि म्हणते, "ठीक."

परवा यामिनीबरोबर मीही राधिकाकडे गेले होते. यामिनीने सगळ्यांना खोलीबाहेर पाठवलं, शंतनूला, सुलभाकाकूंना, दार लावून घेतलं. मला राहू दिलं, का ते माहीत नाही. तिच्यासमोर खाली बसली आणि विचारलं, "राधिका, आता कुणी नाही. कुठे दुखतंय?"

राधिकाने डावा हात उचलून यामिनीच्या गालावर ठेवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. "ठीक," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "ठीक. ठीक."

ती यामिनीला माफ करत होती, की तिचं डोकं दुखत होतं, ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही. यामिनीने उठून पडदे ओढून घेतले आणि ब्लडप्रेशरचं यंत्र बाहेर काढलं.