धनेशची दाढी

पस्तिशीतही धनेशला दाढी म्हणून नव्हती. हनुवटीवर चार केस आणि अंगात कायमची मरगळ. आंब्याच्या बागेतले गडी त्याला ‘बायल्या’ म्हणायचे आणि हा मेला दात काढायचा. पाळणा हलला नव्हता, पण त्याची आवस हौसाबाई ‘वांझ’ म्हणून ठेचायची ती सून विनीताला. ती म्हातारी म्हणजे जिभेला हाड नाही!

शेवटी विनीताने हातापाया पडून त्याला माझ्या रिक्षात घातला. कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, पुरुषाचं हार्मोन फारच कमी आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील. परतताना धनेश म्हणतो, “मुलां किती, डॉक्टर विचारी होतो. लाज वाटली रे बाबू. दोन आसत म्हणान सांगितलंय.”

“मेल्या, डॉक्टराक कोण खोटा सांगता?”

“काय फरक पडता? कलमाक औषध ओतला काय मोहर येताच मा?”

देवगडात कलमांच्या मुळाशी मोहराचं औषध ओतायचं, हाच त्याचा धंदा. माणसाचंही तसंच, असं गाढवाला वाटलं.

वर्षात दाढी दाट झाली, आवाज फुटला, खांदे भरले. गडी मान देऊ लागले. मूल नाहीच. हौसाबाई अंगणात ओरडली, “बघा माज्या झिलाक! आता दोष कोणाचो?” विनीताची पिशवी भरून तिने दारात ठेवली.

“एकदा डॉक्टराक विचारून तरी येवा,” विनीता रडत म्हणाली. या खेपेला मीही आत गेलो.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “दोन मुलं आहेत म्हणालात ना? या इंजेक्शनने बीज बनणंच थांबतं. बंद करू, दुसरं औषध देतो. वेळ लागेल, पण मूल होऊ शकेल.”

“बंद केलास तर दाढी?”

“पातळ होईल कदाचित. थकवाही येईल.”

धनेश दाढी कुरवाळत बसला. मग म्हणाला, “चालूच ठेवा.”

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, “माज्यात कायव दोष नाय.” विनीताकडे बघितलंसुद्धा नाही.

तिला माहेरी, कसालला, मीच सोडायला निघालो. वाटेत राहवेना. सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, “फिरवू काय गो रिक्षा?”

“कशाक? त्या दाढीबरोबर संसार करूक?” ती म्हणाली, आणि कसाल येईपर्यंत पदर तोंडात कोंबून रडली.